कार्थेजचे रक्तसाक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरंभीच्या ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांचा, विषय निघाला की बोलणे बहुधा रोम, सम्राट नीरो आणि सिंह यांच्याभोवतीच फिरत राहते. मात्र लॅटिन भाषेतील सर्वांत जुनी आणि विश्वसनीय साधने रोमची नसून उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराची व त्याच्या परिसराची आहेत. हा भाग आज ट्युनिशिया आणि अल्जीरिया या देशांत मोडतो. म्हणून येथील प्रश्नोत्तरे त्याच एका प्रदेशापुरती आणि इ.स. १८० ते साधारण ४२० या काळापुरती ठेवली आहेत. मूळ साधन काय सांगते आणि नंतरच्या परंपरेने त्यात काय भर घातली, हा फरक शक्य तेथे स्पष्ट केला आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज हा फरक न केल्यामुळे होतात.

ख्रिस्ती लोकांना नेमक्या कोणत्या गुन्ह्यासाठी शिक्षा होत असे?

इ.स. २५० पूर्वी संपूर्ण रोमन साम्राज्याला लागू होईल असा छळाचा कोणताही एक आदेश नव्हता. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोन्तुस प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट त्रायान याच्याकडे पत्र पाठवून मार्गदर्शन मागितले. सम्राटाने उत्तर दिले की ख्रिस्ती लोकांना हुडकून काढू नये आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, परंतु रीतसर आरोप होऊन तो सिद्ध झाल्यास शिक्षा करावी. जो देवांची पूजा करून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवील त्याला सोडून द्यावे. कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने या उत्तरातील विसंगतीवर अचूक बोट ठेवले आहे : हे लोक गुन्हेगार असतील तर त्यांना शोधायचे का नाही, आणि निरपराध असतील तर शिक्षा कशासाठी?

व्यवहारात सगळे स्थानिक वातावरणावर आणि त्या त्या राज्यपालाच्या स्वभावावर अवलंबून असे. देवांना अर्पण न करणारी माणसे गावात राहिली तर देवांचा कोप सगळ्या गावावर होईल, ही भीती सामान्य लोकांत खरोखरच होती. तिबेर नदीला पूर आला, नाईलला पूर आला नाही, पाऊस पडला नाही, धरणीकंप झाला किंवा साथ पसरली, की लगेच ‘ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका’ अशी ओरड होते, असे तर्तुलियन लिहितो आणि पुढे विचारतो, ‘एवढ्या सगळ्यांना एकाच सिंहापुढे?’

सम्राट सेप्तिमियुस सेवेरुस याने इ.स. २०२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यावर बंदी घातली, असे विधान जुन्या पुस्तकांत आढळते. ते पुष्कळ उशिराच्या आणि फारशा भरवशाच्या नसलेल्या ग्रंथावर आधारलेले असल्यामुळे आजचे अनेक इतिहासकार ते स्वीकारत नाहीत.

स्किल्लीचे रक्तसाक्षी कोण होते?

१७ जुलै १८० रोजी कार्थेज येथे स्किल्ली गावच्या १२ ख्रिस्ती व्यक्तींना, म्हणजे ७ पुरुष आणि ५ स्त्रियांना, प्रोकॉन्सल (प्रांताचा राज्यपाल) सातुर्निनुस याच्यापुढे उभे करण्यात आले. या सुनावणीचा वृत्तांत जेमतेम पान-दीड पानांचा आहे आणि त्यात बहुतेक सर्व मजकूर प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यात एकही चमत्कार नाही. यातना दिल्याचे वर्णन नाही आणि लांबलचक प्रवचनही नाही.

प्रोकॉन्सल म्हणतो की शुद्धीवर याल तर सम्राटाची क्षमा मिळेल. त्या गटाचा प्रवक्ता स्पेरातुस सांगतो की आम्ही कधी कोणाचे वाईट केले नाही. दोनाता नावाची स्त्री म्हणते की कैसराला (रोमन सम्राटाला) कैसर म्हणून मान देऊ, पण भीती मात्र देवाचीच धरू. सेकुंदा म्हणते, ‘मी जी आहे, तीच मला राहायचे आहे.’ मग प्रोकॉन्सलचे लक्ष त्यांच्याजवळच्या पेटीकडे जाते. त्यात काय आहे, असे तो विचारतो, तेव्हा स्पेरातुस उत्तर देतो, ‘ग्रंथ, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे.’ विचार करायला ३० दिवसांची मुदत देऊ केली जाते. ती ते नाकारतात. तलवारीने शिरच्छेद करण्याची शिक्षा वाचून दाखवली जाते आणि ते देवाचे आभार मानतात.

लॅटिन ख्रिस्ती साहित्यातील ही सर्वांत जुनी निश्चित तारखेची नोंद मानली जाते. बायबलमध्ये असलेली पौलाची पत्रे आफ्रिकेतल्या एका लहान गावच्या लोकांच्या हाती इतक्या लवकर पोहोचली होती, हे त्या पेटीवरून कळते. आणि न्यायाधीश येथे राक्षस म्हणून रंगवलेला नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

पर्पेतुआ कोण होती, आणि तिच्याविषयी इतकी माहिती कशी उपलब्ध आहे?

विबिया पर्पेतुआ ही सुमारे २२ वर्षांची, चांगल्या घराण्यातली, शिकलेली विवाहित स्त्री होती आणि तिच्या अंगावर पिते मूल होते. ती ख्रिस्ती दीक्षार्थी होती, म्हणजे तिचा बाप्तिस्मा अद्याप व्हायचा होता. रेवोकातुस, फेलिसितास, सातुर्निनुस आणि सेकुंदुलुस यांच्याबरोबर तिला अटक झाली. त्यांना शिक्षण देणारा सातुरुस नंतर स्वतःहून त्यांना येऊन मिळाला. सेकुंदुलुस तुरुंगातच वारला आणि उरलेल्या पाच जणांना ७ मार्च २०३ रोजी कार्थेजच्या रिंगणात मृत्यू आला.

ज्या वृत्तांतातून हे कळते त्याचा मधला मोठा भाग पर्पेतुआने स्वतः तुरुंगात लिहिला आहे. त्यानंतर सातुरुसने लिहिलेला एक दृष्टांत येतो, आणि सुरुवात व शेवट एका अनाम संपादकाचा आहे. प्राचीन काळातील एखाद्या स्त्रीच्या हातचे इतके सलग गद्यलेखन टिकून राहणे ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे, आणि आमच्या मते धर्मश्रद्धा बाजूला ठेवूनही हा मजकूर वाचावा इतका तो जिवंत आहे.

तुरुंगातील काळाविषयी ती काय लिहिते?

सर्वांत आधी ती अंधाराविषयी लिहिते. इतका काळोख आपण कधी पाहिला नव्हता, आपण घाबरून गेलो, असे ती सरळ कबूल करते. कोंडवाड्यातली गर्दी, उकाडा, सैनिकांची दंडेली आणि या सगळ्यावर ताण म्हणजे बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस या दोन डीकनांनी (धर्मगुरूंच्या हाताखालच्या ख्रिस्तसभेच्या सेवकांनी) पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात हलवले. तेथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजले. पुढे बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तुरुंग आपल्याला राजवाड्यासारखा झाला, असे ती म्हणते.

वडील तिला पुन्हा पुन्हा भेटायला येतात, आणि हे प्रसंग तिच्या लेखनाचा कणा आहेत. पहिल्या भेटीत ती समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते की याला भांड्याखेरीज दुसरे काही म्हणता येईल का. तसेच मीही ख्रिस्ती आहे, दुसरे काही स्वतःला म्हणवू शकत नाही. पुढच्या भेटीत वडील गयावया करतात : ‘पोरी, माझ्या पिकल्या केसांची दया कर, तुझ्या लेकराकडे बघ, ते तुझ्यामागे जगणार नाही.’ ते तिचे हात चुंबतात आणि पायांवर लोळण घेतात. प्रोकॉन्सल वारल्यामुळे कारभार पाहणारा हिलारियानुस याच्यापुढे सुनावणी होते तेव्हा ते बाळाला घेऊन तिथेही हजर होतात, आणि हिलारियानुस त्यांना हाकलून छडीने मारायला लावतो. तो मार आपल्यालाच बसल्यासारखे वाटले, असे पर्पेतुआ लिहिते. आपल्या घराण्यात या मरणाचा आनंद न मानणारे ते एकटेच राहतील म्हणून तिला त्यांची कीव येते, पण ती मागे हटत नाही. या पानांत वडिलांना कोठेही खलनायक केलेले नाही.

तिच्या दृष्टांतांत काय आहे?

एकूण चार दृष्टांत तिने नोंदवले आहेत. पहिल्यात काशाची एक उंच, अरुंद शिडी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना तलवारी, भाले आणि आकडे लावलेले आहेत आणि पायथ्याशी एक अजगर बसला आहे. त्याच्याच डोक्यावर पहिली पायरी म्हणून पाय देऊन ती वर चढते. वर एका विस्तीर्ण बागेत मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा माणूस मेंढ्यांचे दूध काढत असतो आणि तो तिला त्या दुधाच्या घट्ट दह्याचा एक घास देतो. जाग येते तेव्हा तोंडात अजून काहीतरी गोड चघळल्यासारखे वाटत असते.

दुसरा आणि तिसरा दृष्टांत तिचा भाऊ दिनोक्रातेस याच्याविषयी आहे. तो ७ वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या भयंकर व्रणाने वारला होता. तो तिला तहानलेला दिसतो. जवळच हौद आहे, पण त्याचा काठ इतका उंच की त्याचे तोंड पाण्यापर्यंत पोहोचत नाही. ती दिवसरात्र त्याच्यासाठी प्रार्थना करते. पुन्हा दिसतो तेव्हा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आलेला असतो, व्रणाच्या जागी नुसता वण उरलेला असतो, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो लहान मुलांसारखा खेळायला निघून जातो. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो का, या वादात हा उतारा पुढे शतकानुशतके उद्धृत झाला. तेव्हा उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांना स्पष्ट सांगावे लागले की हा वृत्तांत आदरणीय असला तरी तो पवित्र शास्त्राचा भाग नाही.

चौथ्या दृष्टांतात ती रिंगणात एका इजिप्शियन मल्लाशी झुंजते आणि जिंकते. येथे तिचे लेखन थांबते. शेवटच्या वाक्यात ती म्हणते की प्रत्यक्ष झुंजीत काय घडेल ते ज्याची इच्छा असेल त्याने लिहावे.

फेलिसितास ही पर्पेतुआची दासी होती का?

वृत्तांत तसे म्हणत नाही. फेलिसितास गुलाम होती, आणि तिचा उल्लेख रेवोकातुसची सहदासी असा येतो. तिचा धनी कोण, हे कोठेही सांगितलेले नाही. मालकीण आणि दासी हातात हात घालून मरणाला सामोऱ्या गेल्या, हे चित्र नंतरच्या प्रवचनकारांना आणि चित्रकारांना आवडले आणि तेच रूढ झाले.

तिच्याविषयी जे निश्चित लिहिले आहे ते अधिक बोलके आहे. अटकेच्या वेळी ती गरोदर होती. गर्भवतीला देहदंड देण्यास कायद्याची मनाई असल्यामुळे आपल्याला मागे ठेवून इतरांना नेतील आणि पुढे कोणत्यातरी खऱ्याखुऱ्या गुन्हेगारांबरोबर मरावे लागेल, ही तिची चिंता होती. सोबत्यांनी प्रार्थना केली आणि खेळांच्या दोन दिवस आधी, आठव्या महिन्यात, तिला कळा सुरू झाल्या. त्या वेदनांत ती कण्हत असताना तुरुंगाचा एक नोकर तिला म्हणाला की आता इतकी रडतेस, तर श्वापदांपुढे टाकतील तेव्हा काय करशील? तिने उत्तर दिले : ‘आता जे सोसते आहे ते मी सोसते आहे; तेव्हा माझ्या ठायी दुसरा कोणी असेल, आणि तो माझ्यासाठी सोसेल.’ तिला मुलगी झाली. एका ख्रिस्ती भगिनीने ती स्वतःची लेक म्हणून वाढवली.

७ मार्च २०३ रोजी रिंगणात काय घडले?

सम्राटपुत्र गेता याच्या वाढदिवसानिमित्त हे खेळ होते. प्रवेशद्वारापाशी पुरुषांना सातुर्न देवाच्या पुजाऱ्यांचा आणि स्त्रियांना सेरेस देवीच्या सेविकांचा वेष घालण्याचा आदेश झाला. पर्पेतुआने ठाम नकार दिला : हे करावे लागू नये म्हणूनच तर आम्ही प्राण देत आहोत. सैन्याधिकाऱ्याने तिचे म्हणणे मान्य केले.

पुरुषांवर बिबट्या, अस्वल आणि रानडुक्कर सोडण्यात आले. रानडुकराने सातुरुसला सोडून त्याला बांधणाऱ्या शिकाऱ्यालाच फाडले, आणि अस्वल पिंजऱ्याबाहेर यायला तयार झाले नाही. शेवटी बिबट्याच्या एकाच चाव्याने सातुरुस रक्ताने न्हाऊन निघाला, तेव्हा प्रेक्षक ओरडले, ‘छान अंघोळ झाली!’ सार्वजनिक स्नानगृहात एकमेकांना म्हणायची ही रोजची शुभेच्छा होती. त्या जमावाची मनःस्थिती एखाद्या लांब वर्णनापेक्षा या दोन-तीन शब्दांतून अधिक उघडी पडते.

स्त्रियांसाठी एक पिसाळलेली गाय आणली होती. दोघींना जाळ्यात गुंडाळून उभे केले, तेव्हा एक नाजूक तरुणी आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली, स्तनांतून दूध ठिबकणारी, हे पाहून लोकही शहारले आणि त्यांना परत नेऊन सैल झगे घालण्यात आले. गायीने उडवल्यावर पर्पेतुआने फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला, विस्कटलेल्या केसांत पुन्हा आकडा खोचला, कारण मोकळे केस हे शोकाचे चिन्ह होते, आणि पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उठवले. अखेरीस सगळ्यांचे गळे चिरण्यात आले. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला ग्लॅडिएटर नवशिका होता; त्याचा पहिला वार हाडावर बसला आणि ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात तिने स्वतःच आपल्या गळ्याशी नेला.

ही दैनंदिनी तिनेच लिहिली, याला आधार काय?

वृत्तांताच्या तीन भागांतील लॅटिन भाषेची लय आणि शब्दकळा वेगवेगळी आहे. पर्पेतुआचे वाक्य साधे, तुटक आणि बोलण्याच्या जवळचे आहे, तर संपादकाचे अलंकारिक आहे. बहुतेक अभ्यासक तिचा भाग अस्सल मानतात. शंका घेणारेही आहेत, कारण रचलेल्या मजकुरात पात्रानुसार भाषा बदलण्याचे कसब त्या काळच्या लेखकांना अवगत होते. संपादक म्हणजे तर्तुलियनच, हे मत एके काळी लोकप्रिय होते, पण तो केवळ तर्क आहे. तर्तुलियन तिचा उल्लेख करतो हे खरे, मात्र त्याने तिच्या नावावर घातलेला दृष्टांत सातुरुसच्या दृष्टांताशी अधिक जुळतो. स्वतःच संपादन केलेल्या ग्रंथाविषयी असा घोटाळा होणे थोडे विचित्रच ठरेल.

मग दंतकथा कोठून आल्या?

मूळ लेखनात जेथे मोकळी जागा दिसली, तेथे पुढच्या पिढ्यांनी ती भरून काढली. पर्पेतुआ आपल्या नवऱ्याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. नंतर तयार झालेल्या संक्षिप्त आवृत्तीत मात्र नवरा कुटुंबीयांबरोबर विनवण्या करायला हजर होतो आणि न्यायाधीशाची उलटतपासणीही लांबते. ही संक्षिप्त आवृत्ती मध्ययुगात मूळ वृत्तांतापेक्षा कितीतरी अधिक वाचली गेली. मूळ लॅटिन मजकूर १७व्या शतकात मोंते कासिनोच्या मठातील हस्तलिखितातून पुन्हा प्रकाशात आला, आणि ग्रीक रूपांतर १८८९ मध्ये जेरुसलेम येथे सापडले.

आफ्रिकेत एक प्रथा होती जिच्यामुळे हे वृत्तांत टिकलेही आणि फुगलेही. इ.स. ३९७ च्या कार्थेज परिषदेच्या नियमांनुसार रक्तसाक्ष्यांच्या स्मरणदिनी त्यांचे वृत्तांत उपासनेत वाचण्यास मुभा होती. वर्षानुवर्षे मोठ्याने वाचला जाणारा मजकूर श्रोत्यांच्या अपेक्षेप्रमाणे थोडाथोडा बदलत जातो. आपल्याकडच्या संतचरित्रांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

सगळेच ख्रिस्ती लोक ठाम राहिले का?

अजिबात नाही. सम्राट देकियुस याने इ.स. २४९-२५० मध्ये साम्राज्यातील सर्व रहिवाशांना देवांना अर्पण करण्याचा आदेश दिला. अर्पण केल्यावर साक्षीदारांच्या सहीचा दाखला मिळे. असे ४० हून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. कार्थेजमध्ये काय झाले, ते तेथील बिशप सिप्रियन यांनीच दुःखाने लिहून ठेवले आहे. लोकांनी अटकेची वाटही पाहिली नाही. ते आपणहून देवळाकडे धावले, आणि संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या असे सांगितले, तर आजच उरकून घ्या म्हणून विनवू लागले. काहींनी अर्पण न करता लाच देऊन नुसता दाखला मिळवला.

संकट ओसरल्यावर या सर्वांना परत घ्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. तुरुंगात राहून आलेल्या, यातना सोसलेल्या मंडळींचा मान एवढा मोठा होता की त्यांनी शिफारसपत्र दिले की पतितांना क्षमा मिळावी, अशी अपेक्षा असे. काही पत्रांत तर ‘अमुक व्यक्तीला घरच्यांसह सहभाग द्यावा’ एवढेच लिहिलेले असे, आणि घरचे म्हणजे २० की ३०, हे विचारायची सोय नव्हती. सिप्रियन यांनी याला हरकत घेतली. क्षमेचा निर्णय बिशपांनी, प्रत्येकाचे प्रकरण पाहून करायचा, असे शेवटी ठरले.

सिप्रियन स्वतः लपून राहिले होते ना?

होय, आणि त्यांच्या विरोधकांनी ते कधी विसरू दिले नाही. देकियुसच्या काळात ते कार्थेज सोडून गेले आणि सुमारे वर्षभर पत्रांद्वारे ख्रिस्तसभेचा कारभार पाहत राहिले. त्याच काळातील एका पत्रात त्यांनी धर्मगुरूंना सांगितले आहे की तुरुंगात मरण पावणाऱ्यांचे दिवस टिपून ठेवा, म्हणजे त्यांचे स्मरण करता येईल. रक्तसाक्ष्यांच्या दिनदर्शिका कशा तयार झाल्या, त्याचा हा थेट पुरावा आहे.

सम्राट वालेरियान याच्या काळात त्यांना इ.स. २५७ मध्ये कुरुबिस येथे हद्दपार करण्यात आले आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेद झाला. आदल्या रात्री लोक रस्त्यावर जागत बसले होते, तेव्हा गर्दीत मुलींना जपा, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. शिक्षा ऐकून ते ‘देवाला धन्यवाद’ एवढेच म्हणाले. मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यावीत, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. लोकांनी त्यांच्यापुढे कापडे आणि रुमाल पसरले, हे उघडच रक्त टिपण्यासाठी होते. आणि रात्री मेणबत्त्या व मशाली घेऊन मिरवणुकीने देह दफनभूमीत नेण्यात आला. ख्रिस्ती असल्याबद्दल ज्याला मारले त्याच्या अंत्ययात्रेत ख्रिस्ती लोक उजळमाथ्याने चालत होते आणि त्यांना कोणी धरले नाही, ही गोष्ट वालेरियानच्या छळाचा रोख धर्मगुरूंवर आणि प्रतिष्ठितांवर होता, हे दाखवते.

ख्रिस्ती लोक भुयारांत लपून राहत असत का?

नाही. रोमची भुयारे ही दफनभूमी होती आणि अधिकाऱ्यांना ती ठाऊक होती. कार्थेजमध्ये तर दफनाची आवारे उघड्यावरच होती. हिलारियानुसच्या कारकिर्दीत जमावाने ‘यांना दफनाची आवारे नकोत’ अशा घोषणा दिल्याचे तर्तुलियन नोंदवतो.

धर्मग्रंथ ‘सोपवणे’ हा एवढा मोठा अपराध का ठरला?

२३ फेब्रुवारी ३०३ रोजी सम्राट दिओक्लेतियान याच्या राजवटीत शेवटचा आणि सर्वांत मोठा छळ सुरू झाला. त्यात ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम होता. १९ मे ३०३ रोजी किर्ता शहरात (आजचे कॉन्स्टंटाइन, अल्जीरिया) झालेल्या झडतीचा सरकारी पंचनामा टिकून आहे, आणि तो आमच्या मते या साऱ्या साहित्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा कागद आहे, कारण त्यात कोणीही मरत नाही. बिशप पौल समोर बसलेले आहेत. कारकून यादी लिहितो : सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, चांदीचे ७ दिवे, स्त्रियांचे ८२ झगे, पुरुषांचे १६, स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड. गरिबांना वाटण्यासाठी जमवलेले कपडे ते असावेत. ग्रंथांची कपाटे रिकामी निघतात. एक उपडीकन एकच भलामोठा ग्रंथ आणून देतो आणि बाकीचे वाचकांकडे, म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांकडे, आहेत असे सांगतो. मग अधिकारी घरोघर जातात : एकाकडे ४, एकाकडे ५, एकाकडे ८. कोद्देओ नावाचा वाचक घरी नसतो. त्याची बायको ६ ग्रंथ बाहेर आणून देते.

सिल्वानुस हा उपडीकनही त्या दिवशी तेथे होता आणि त्याने दडवलेला चांदीचा दिवा शोधून काढून दिला. पुढे तोच किर्ताचा बिशप झाला, आणि ग्रंथ सोपवणाऱ्यांवर आगपाखड करणाऱ्या पक्षाचा बिशप झाला. इ.स. ३२० मध्ये एका खटल्यात हा पंचनामा जाहीरपणे वाचला गेला, तेव्हा त्याचे बिंग फुटले. कार्थेजचे बिशप मेन्सुरियुस यांनी निराळी युक्ती केली होती : खरे ग्रंथ हलवून त्यांच्या जागी पाखंडी मतांची पुस्तके ठेवली आणि अधिकाऱ्यांना तीच नेऊ दिली.

स्वतःहून मरण ओढवून घेणाऱ्याला रक्तसाक्षी मानत का?

दुभंगलेल्या आफ्रिकी ख्रिस्तसभेत हा वादाचा प्रश्न होता. १२ फेब्रुवारी ३०४ रोजी अबितिना गावच्या ४९ जणांची कार्थेजमध्ये चौकशी झाली. बंदी असूनही एकत्र उपासना का केली, असे विचारल्यावर प्रभूच्या दिवसाच्या उपासनेवाचून आम्हाला राहता येत नाही, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर आज जगभर उद्धृत होते. मात्र त्यांचा वृत्तांत दोनातपंथीयांच्या, म्हणजे ग्रंथ सोपवणाऱ्यांवर आगपाखड करत वेगळ्या झालेल्या पक्षाच्या, हातून आपल्यापर्यंत आला आहे, आणि कार्थेजच्या बिशपांनी कैद्यांचे अन्न अडवले असा त्यातला आरोप वादाच्या भरात लिहिला गेला असण्याची शक्यता धरूनच वाचावा लागतो.

दोनातपंथीय स्वतःला रक्तसाक्ष्यांची ख्रिस्तसभा म्हणवत. त्यांच्यातील काही टोकाचे लोक कड्यावरून उडी मारून प्राण देत, असे त्यांचे विरोधक सांगतात. ऑगस्टीन यांनी यावर दिलेले सूत्र पुढे सर्वमान्य झाले : रक्तसाक्षी शिक्षेमुळे ठरत नाही, कारणामुळे ठरतो. सूत्र भक्कम आहे. पण तेच ऑगस्टीन दोनातपंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या बळाचे समर्थन करत होते, याचाही उल्लेख करणे भाग आहे.

कबरींवर खाणेपिणे होत असे, हे खरे आहे का?

खरे आहे. मृतांच्या कबरीवर जेवण नेण्याची जुनी रोमन रीत ख्रिस्ती लोकांनीही चालू ठेवली होती, आणि रक्तसाक्ष्यांच्या कबरींवर तर तिला उत्सवाचे रूप आले. ऑगस्टीन यांची आई मोनिका पेज, भाकरी आणि द्राक्षारस टोपलीत घेऊन जात असे. एकच लहान पेला भरून तोच ती प्रत्येक कबरीपाशी पुरवून नेई. मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांनी मनाई केल्याचे द्वारपालाकडून कळताच तिने ही प्रथा निमूटपणे सोडली. इतर सगळे इतके संयमी नव्हते, इ.स. ३९२ च्या सुमारास कार्थेजच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन दफनभूमीतील दारूबाजी बंद करा असा आग्रह धरतात.

अस्थींचीही ओढ होती. लुसिला नावाची श्रीमंत स्त्री ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एका रक्तसाक्ष्याच्या हाडाचे चुंबन घेई. कायकिलियानुस या वरिष्ठ डीकनाने तिला त्यावरून खडसावले. पुढे तोच बिशप झाला तेव्हा त्याच्याविरुद्ध दुसरा बिशप उभा करण्यात या बाईचा पैसा कामी आला, असे चौथ्या शतकातील लेखक ओप्तातुस सांगतो. इ.स. ४०१ मध्ये कार्थेजच्या परिषदेला असाही नियम करावा लागला की केवळ कोणाला स्वप्न पडले म्हणून उभारलेल्या, अवशेष नसलेल्या वेदी पाडून टाकाव्यात.

यांपैकी आज काय पाहता येते, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत यांचे काही स्थान आहे का?

कार्थेजच्या रिंगणाचे अवशेष ट्युनिस शहराजवळ आहेत. १९०७ मध्ये तेथील एका जुन्या बॅसिलिकेच्या (मोठ्या चर्चच्या) उत्खननात पर्पेतुआ, फेलिसितास आणि त्यांच्या सोबत्यांची नावे असलेल्या शिलालेखाचे तुकडे सापडले. इटलीतील राव्हेन्ना येथे ६व्या शतकातील भिंतीवरच्या मोझेकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) दोघीही स्त्री संतांच्या मिरवणुकीत दिसतात.

कॅथलिक मिस्सेच्या पहिल्या कृतज्ञतास्तवनात सिप्रियन, फेलिसितास आणि पर्पेतुआ या तिघांची नावे आहेत. त्यामुळे वसईत, मुंबईत किंवा अन्यत्र ते स्तवन मराठीतून म्हटले जाते तेव्हा कार्थेजच्या या माणसांचा उल्लेख होतो. दोघींचा सण ७ मार्चला असतो. मधल्या काळात तो ६ मार्चला हलवला होता आणि १९६९ च्या सुधारणेत मूळ तारखेवर परत आला. सिप्रियन यांचे स्मरण रोमन दिनदर्शिकेत १६ सप्टेंबरला, रोमचे बिशप कोर्नेलियुस यांच्याबरोबर केले जाते.